हिरकणीचं दार आणि मावशीचा टब

हिरकणीवाडी हे नाव बहुतेकांना माहीत असतं ते रोपवेमुळे. महाडहून पाचाडच्या बाजूला यायचं, रोपवेच्या खालच्या स्थानकापाशी गाडी लावायची, तिकीट काढून पाळण्यात बसायचं आणि पाचेक मिनिटांत रायगडावर. पाळणा वर सरकत असताना कोणीतरी कड्याकडे बोट दाखवून "अशाच कड्यावरून उतरली ती!" असं म्हणतंच. मग पाळण्यातली माणसं क्षणभर गप्प होतात.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, मावळलेला सूर्य, बंद झालेले दरवाजे, खाली घरी एकटं तान्हं बाळ. पहारेकरी दार उघडत नाहीत. ती अंधारात कडा उतरून घरी जाते. दुसऱ्या दिवशी महाराजांना कळतं, ते तिचं कौतुक करतात आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधवून घेतात. तोच हिरकणी बुरूज. अर्थात ही आख्यायिका आहे. ती बखरीच्या आणि कागदपत्रांच्या कसोटीवर घासायला जाऊ नये. पण आख्यायिका साडेतीनशे वर्षं टिकते तेव्हा तिच्यात काहीतरी खरं असतं, तारखेइतकं खरं नसलं तरी.

आपण ही गोष्ट आईपणाची म्हणून ऐकतो. ते बरोबरच आहे. पण मी पडलो प्रोग्रॅमर. दिवसभर हापिसात "अमुक झालं तर काय, तमुक झालं तर काय" हेच करतो. त्यामुळे मला ही गोष्ट दाराची वाटते. बघा हं: नियम असा की सूर्यास्ताला दार बंद, अपवाद नाही. नियम लिहिणाऱ्याने बाहेरून आत येणाऱ्या शत्रूचा विचार बारकाईने केलाय. आतून बाहेर जाऊ पाहणाऱ्या आपल्याच माणसाचा विचार मात्र राहून गेलाय. मग एक दिवस ती केस येतेच. आणि त्यावर तोडगा काय निघतो? बुरूज! म्हणजे कड्यातली फट बुजवली. सुरक्षेच्या दृष्टीने शंभर टक्के योग्य निर्णय, आमच्याकडेही हेच केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आणखी एखाद्या गवळणीला उशीर झाला असता तर? दार तितकंच बंद, आणि आता कडाही बंद.

गोष्टीतला हा भाग कोणी सांगत नाही. मलाही तो सुचला नसता, जर गेल्या महिन्यात मावशीच्या टबाचं प्रकरण निघालं नसतं तर.

टबाला दार?

मावशी आणि काका न्यू जर्सीत असतात, तीसेक वर्षं झाली. मावशी आता 74 ची आहे, काका 78 चे. तिच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय आणि अलीकडे तोलही जातो. तिकडच्या बाथरुमात टब असतो, आणि अंघोळ करायची तर त्या टबाची चौदा-पंधरा इंचांची भिंत ओलांडून आत जावं लागतं. एकदा पाय अडखळला. पडली नाही, पडदा धरून वाचली. पण त्यानंतर दोन महिने तिने धड अंघोळच केली नव्हती. ओल्या टॉवेलने अंग पुसून घेत होती. आणि हे कोणाला कळलं कधी, तर फोनवर बोलता बोलता सहज तिच्या तोंडून निघून गेलं तेव्हा. रोज पहाटे दोन बादल्या पाणी अंगावर ओतल्याशिवाय चहा न पिणारी बाई ही.

मग मावसभावाने शोधाशोध केली आणि 'वॉक-इन टब' नावाचा प्रकार निघाला. म्हणजे टबाच्या बाजूला चक्क दार असतं. दार उघडायचं, पाच-सहा इंचांचा उंबरा ओलांडायचा, आतल्या बाकावर बसायचं, दार लावायचं आणि मग पाणी सोडायचं. इथवर सगळं छान. पण ऑर्डर देताना प्रश्न आला: दार आत उघडणारं हवं की बाहेर? दोन्ही मिळतात. मावशीने थेट मला फोन केला, "अरे, तू इंजिनियर ना? मग सांग की!" (आपल्याकडे इंजिनियर म्हणजे मिक्सरपासून उपग्रहापर्यंत सगळं कळणारा प्राणी. माझी पदवी कॉम्प्युटरची आहे हे मावशीच्या लेखी किरकोळ आहे.)

आधी गणित करून घेऊ. समजा दाराची रुंदी 45 सेंटिमीटर आणि उंबऱ्याच्या वर पाणी 60 सेंटिमीटर. पाण्याचा दाब वर शून्य आणि तळाशी सगळ्यात जास्त, म्हणजे सरासरी 30 सेंटिमीटर खोलीचा धरायचा, दर चौरस सेंटिमीटरला 30 ग्रॅम. दाराचं भिजलेलं क्षेत्रफळ 45 गुणिले 60, म्हणजे 2,700 चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की 81 किलो! एक धष्टपुष्ट माणूस दाराला पाठ लावून रेटतोय, असं समजा. गंमत म्हणजे टब लांबीला केवढा आहे याचा इथे काही संबंध नाही. दाराला फक्त खोली कळते.

आता दार आत उघडणारं असेल तर हे 81 किलो आपल्या बाजूने. पाणीच दाराला चौकटीवर दाबून धरतं, जितकं पाणी जास्त तितकं दार घट्ट. कडी नसली तरी चालेल. ही युक्ती जुनी आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या कालव्यांसाठी लिओनार्दो दा विंचीने जी दोन पाखी झडप आखली, ती याच तत्त्वावर चालते: पाखं प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला टोक करून मिटायची आणि पाण्याच्याच जोराने एकमेकांवर आवळली जायची. पनामा कालव्यातली जुनी दारं आजही तशीच आहेत.

दार बाहेर उघडणारं असेल तर तेच 81 किलो कडीवर आणि रबराच्या पट्टीवर येतात. कडी चांगली हवी, पट्टी चांगली हवी, आणि वर्षानुवर्षं चांगली राहायला हवी.

म्हणजे आत उघडणारं दार सरस? कागदावर हो. मीही मावशीला तेच सांगणार होतो. पण आधी म्हटलं, जरा दारांचा इतिहास बघू. निदान आपल्या गडाच्या दारांचा तरी.

गडाचं दार

रायगडाचा महादरवाजा पाहिला असेल तर आठवा. खालून चढून येताना तो दिसतच नाही. दोन प्रचंड बुरूज दिसतात, त्यांच्या मधल्या बोळात वळण घेतल्यावर अचानक दरवाजा समोर येतो. याला गोमुखी रचना म्हणतात. हत्तीला धावत येऊन धडक मारायला सरळ वाट मिळू नये, तोफेला नेम धरायला रेषा मिळू नये आणि वळणात अडकलेल्या शत्रूवर वरून मारा करता यावा, हा हेतू. आत शिरलं की पहारेकऱ्यांच्या देवड्या.

गडांचे आणि वाड्यांचे दरवाजे सहसा आतल्या बाजूला उघडतात. कारण सोपं आहे. फळी ज्याच्यावर फिरते तो खुंट आणि दगडातली खोबण आतल्या बाजूला सुरक्षित राहते, आणि बंद फळीच्या मागे आडवा अडसर सरकवता येतो. कुठल्याही गडाच्या दरवाजात आतून दोन्ही बाजूंच्या भिंती बघा, अडसराची चौकोनी भोकं दिसतील. एका बाजूचं भोक खोल असतं. दार उघडलं की अख्खा वासा त्यात ढकलून ठेवायचा. शत्रू बाहेरून रेटतो, अडसर तो जोर घेतो आणि भिंतीत सोडून देतो.

इथे एक गोष्ट लक्षात आली का? गडाचं दार हे मावशीच्या टबाच्या *बाहेर* उघडणाऱ्या दारासारखं आहे. दोन्हीकडे जोर दार उघडायच्या दिशेने येतो आणि तो कडीने, अडसराने अडवायचा असतो. मग जे दार आपोआप घट्ट होतं ते सोडून गड बांधणाऱ्यांनी हे का निवडलं? कारण त्यांना दाबापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची होती: दार कोणाच्या ताब्यात राहतं. आत उघडणाऱ्या दाराचा ताबा पूर्णपणे आतल्याकडे. फिरणारा भाग आत, अडसर आत, वेळ पडली तर मागे दगडमाती रचायची सोयही आत.

मोठं दार सारखं उघडणं धोक्याचं आणि कष्टाचंही. म्हणून फळीतच एक छोटं दार कापलेलं असायचं, दिंडी. पुण्यातल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तीसाठी अणकुचीदार खिळे आहेत आणि माणसांसाठी दिंडी आहे. तिच्यातून आत जाणाऱ्याला वाकून, एकेकटं, पाय उचलून जावं लागतं. म्हणजे आत येणारा काही क्षण पूर्ण असहाय. संरक्षणाच्या भाषेत हा गुण आहे. मावशीच्या भाषेत हाच तिच्या टबाचा दोष होता :)

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (काळ साधारण 1715) किल्ले बांधण्याबद्दल बरंच काही आहे. त्यात दरवाजांबद्दल एक फार शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे. गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष. दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्यात, त्यातल्या रोजच्या वापरापुरत्या उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. आम्ही ज्याला हल्ली मोठ्या तोऱ्यात 'बॅकअप' म्हणतो, ते तीनशे वर्षांपूर्वी मराठीत लिहून ठेवलंय.

आणि हे निव्वळ पुस्तकी नव्हतं. 1689 मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर झुल्फिकारखानाने रायगडाला वेढा घातला. त्या एप्रिल महिन्यात राजाराम महाराज गडावरून निसटले, ते वाघ दरवाजाने. हा दरवाजा इतका अडचणीचा आहे की आजही तिथून दोराशिवाय उतरायची छाती होत नाही. नोव्हेंबरात गड मोगलांच्या हाती गेला, पण छत्रपती जिंजीला पोचले आणि राज्य चालू राहिलं. एका आडबाजूच्या दाराने एवढं काम केलं.

पुढे 1818 मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि गोळे थेट गडावर टाकले. गडावरच्या इमारती पेटल्या आणि 10 मे रोजी गड शरण आला. गोमुखी वळण, अडसर, देवड्या, या कशालाच वळसा घालावा लागला नाही, कारण हल्ला दाराकडून आलाच नाही. गडाच्या दाराचं युग तिथे संपलं.

आतल्या माणसाचं दार

त्याच शतकात जगाला दाराची दुसरी बाजू कळायला लागली, आणि ती फार महागात कळली.

16 जून 1883. इंग्लंडमधलं संडरलँड गाव, व्हिक्टोरिया हॉल. मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. शेवटी बक्षिसं वाटणार असं जाहीर झालं आणि वरच्या गॅलरीतली शेकडो मुलं जिन्याने खाली धावली. जिन्याच्या तळाशी एक दार होतं. ते आतल्या बाजूला, म्हणजे मुलांच्या दिशेने उघडणारं होतं, आणि एकावेळी एकच मूल जावं म्हणून थोडी फट ठेवून खिटी घातलेली होती. पुढची मुलं दारावर चेपली गेली, मागची येतच राहिली. मागच्या रेट्यामुळे दार उघडणं अशक्य होतं. 183 मुलं गेली. यानंतर रॉबर्ट ब्रिग्ज या माणसाने आतून नुसतं अंग टेकलं की उघडणारी आडवी दांडी तयार केली, तिचं पेटंट 1892 चं. मॉलमधल्या आणि थेटरातल्या आणीबाणीच्या दारावर असते ती दांडी.

तरीही 30 डिसेंबर 1903 ला शिकागोच्या इरोक्वा थिएटरात आग लागली आणि सहाशेच्या वर माणसं मेली. काही दारं कुलूपबंद, काहींच्या कड्या लोकांना उघडता येईनात, काही आत उघडणारी. आपल्याकडे 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार थिएटरात 59 माणसं गुदमरून गेली. तिथे जादा खुर्च्या घालून बाल्कनीतून बाहेर पडायची वाट अडवली होती.

या सगळ्यातून जो नियम निघाला तो गडाच्या बरोब्बर उलटा आहे: गर्दीच्या जागेचं दार बाहेर उघडलं पाहिजे, आतून, कोणाच्याही परवानगीशिवाय. आता धोका आत आहे आणि आपली माणसं आत आहेत.

म्हणजे आत की बाहेर हा बिजागरीचा प्रश्न कमी आणि 'धोका कुठल्या बाजूला आहे' याचा प्रश्न जास्त आहे. दार बनवणाऱ्याने आधी हे ठरवायचं असतं.

बाथरुमाचंच घ्या. आपल्या फ्लॅटमधल्या बहुतेक बाथरुमांची दारं आत उघडतात. म्हातारं माणूस आत पडलं, आणि दाराला टेकून पडलं, तर बाहेरच्यांना दार ढकलताच येत नाही. ढकलायचं म्हणजे पडलेल्या माणसालाच ढकलायचं. वर आतून कडी. जुन्या कोकणी घरातली न्हाणी परसात असायची, दाराच्या जागी बऱ्याचदा नुसता आडोसा. उंबरा नाही, कडी नाही. आत चुलीवर किंवा बंबात तापलेलं पाणी, घंगाळ, बसायला दगड. खाजगीपणा कमी होता, पण आजी घसरली तर तिची हाक सुनेला ऐकू जायची. आपण खाजगीपणा मिळवला, टाईल्स मिळवल्या, आणि धोका कडी लावून आत घेतला.

आपल्याकडे 2016 चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आहे आणि सुगम्यतेची केंद्र सरकारची मानकं आहेत. त्यांचं म्हणणं साधं आहे: अशा स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं, मोकळी रुंदी 900 मिलिमीटर असावी, आणि उंबरा शक्यतो नसावाच, असला तर 12 मिलिमीटरपेक्षा उंच नको. बारा मिलिमीटर! मावशीच्या टबाची भिंत सुमारे 370.

उंबरा

रायगडावर परत जाऊ, कारण तिथे एक दार असं आहे ज्याच्या नावातच वापरणारा माणूस आहे. किंवा दोन. पालखी दरवाजा आणि मेणा दरवाजा.

पालखी दरवाजाकडे जायला एकतीस पायऱ्या आहेत. पालखीसाठीचं दार आणि त्याला एकतीस पायऱ्या, हे आधी विचित्र वाटतं. मग लक्षात येतं की पायऱ्या पालखीतला माणूस चढत नसे, भोई चढत. मेणा म्हणजे बंद पालखी, स्त्रियांची. मेणा दरवाजा राण्यांच्या महालांच्या बाजूला आहे. त्या काळची सुगम्यता माणसांच्या खांद्यावर होती. ज्याला खांदे मिळत त्याला गड सोपा. बाकीच्यांना दीड हजाराच्या वर पायऱ्या.

पण मला सगळ्यात भावलं ते गडाच्या खाली, पाचाडला. जिजाऊंना उतारवयात गडावरची थंड हवा आणि वारा सोसेना, म्हणून महाराजांनी पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला. 6 जून 1674 ला वर राज्याभिषेक झाला आणि 17 जूनला जिजाऊंनी पाचाडच्या त्या वाड्यात डोळे मिटले. त्यांची समाधीही तिथेच आहे. वाड्यात एक विहीर आहे, तक्क्याची विहीर. तिच्या काठाशी दगडात घडवलेली बैठक आहे, पाठ टेकायला दगडी तक्क्यासकट. जिजाऊ तिथे बसून पाण्याला आलेल्या बायाबापड्यांशी बोलत, असं सांगतात.

सतराव्या शतकातली, पाण्याच्या काठाशी, पाठ टेकून बसता येईल अशी म्हाताऱ्या माणसासाठीची जागा. मावशीच्या टबाच्या माहितीपत्रकात 'बिल्ट-इन सीट विथ बॅकरेस्ट' म्हणून जे छापलंय तेच, फक्त काळ्या दगडात. आणि मुख्य म्हणजे राज्याच्या राजधानीचं एक टोक आईच्या तब्येतीसाठी खाली आणलं गेलं. आईने गडाशी जुळवून घ्यावं असं कोणी म्हटलं नाही.

म्हणून मला हिरकणी आणि जिजाऊ या दोन आयांच्या गोष्टी एकत्र वाचाव्याशा वाटतात. दोन्ही एकाच गडाच्या. एकीत माणसाने दारासाठी स्वतःला वाकवलं, आणि आपण तिच्या धाडसाला टाळ्या वाजवल्या. दुसरीत माणसासाठी घर हलवलं. धाडसाची गोष्ट लक्षात राहते आणि सोयीची विसरली जाते. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत घराघरात हेच चालतं बघा. "आजी या वयातही स्वतः जिना चढतात हं!" याचं कौतुक होतं, जिन्याला कठडा मात्र कोणी लावत नाही.

आणि दार उघडं असूनही आत जाता येत नाही, असंही असतं. रायगडाहून पंचवीसेक किलोमीटरवर महाड आहे, तिथे चवदार तळं आहे. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळाने बोले यांचा ठराव केला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर दार सताड उघडं. प्रत्यक्षात कोणाची तिथे जायची सोय नव्हती. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा ते दार पहिल्यांदा खरोखर उघडलं. लगेच मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल 1937 साली लागला. मावशीच्या टबाची आणि या लढ्याची बरोबरी करायचा माझा अजिबात विचार नाही. इथे दार माणसांनी माणसांसाठी मुद्दाम बंद केलेलं होतं. पण एक धडा दोन्हीकडे लागू पडतो: दार आहे की नाही हे बघून भागत नाही. ज्याच्यासाठी ते आहे तो माणूस प्रत्यक्ष आत जाऊन, पाण्याला हात लावून, सुखरूप बाहेर येतो का, हे बघावं लागतं.

तर मग टबाचं काय?

हां. मी मावशीला फोन केला आणि उलट तिलाच तीन प्रश्न विचारले.

पहिला: आत असताना चक्कर आली तर घरात कोण असतं? फक्त काका. टब आत उघडणाऱ्या दाराचा असेल तर पाणी पूर्ण उतरेपर्यंत 81 किलो त्या दाराला दाबून धरणार. काका सोडाच, मी तरी ते उघडू शकेन का? आणि पाणी उतरल्यावरही दार आतल्या बाजूला, मावशीच्या गुडघ्यांवरच येणार.

दुसरा: दार गळलं तर काय? तिकडच्या बाथरुमात बहुधा जमिनीला मोरी नसते, त्यामुळे गळलेलं पाणी सरळ खालच्या मजल्याच्या छतात जातं. आपल्याकडे गळलं तर जाळीतून निघून जाईल. म्हणजे हाच प्रश्न पुण्यात सोपा आणि न्यू जर्सीत जरा अवघड आहे. पण तो पैशाने सुटणारा आहे: चांगली पट्टी, वर्षाला तपासणी.

तिसरा: थंडी वाजते का? हा प्रश्न तिला गमतीचा वाटला. पण या टबात दार लावल्यावरच पाणी भरायला घेता येतं आणि पूर्ण उतरल्यावरच दार उघडता येतं. दोनशे लिटर पाणी मिनिटाला चाळीस लिटरने उतरलं तरी पाच मिनिटं ओल्या अंगाने बसून राहायचं. पाणी उतरवायचा पंप किंवा मोठं भोक असेल तर बघा, असं मी सुचवलं.

आम्ही ठरवलं: बाहेर उघडणारं दार. गळण्याचा धोका जमिनीला आहे, अडकण्याचा धोका मावशीला आहे. दोन्हीतला एक निवडायचा तर जमीन ओली झालेली परवडली. शिवाय बाथरुमाच्या दाराची आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येईल असं कुलूप लावायचं. काका म्हणाले, "एवढा विचार आम्ही घर घेतानाही केला नव्हता रे!"

(तुमच्या घरी प्रश्न वेगळा असेल तर उत्तरही वेगळं येईल. घरात तरुण माणूस असेल, बाथरूम अरुंद असेल, बाहेर दार उघडायला जागाच नसेल, तर आत उघडणारं घ्यावं लागेल. किंवा टबच नको. उंबरा नसलेली मोरी, बसायला पक्कं स्टूल, भिंतीला धरायला दांडी आणि आपली बादली, हे अनेक घरांत जास्त शहाणपणाचं ठरेल.)

असो. तर हिरकणीवाडी.

1996 मध्ये तिथे रोपवे सुरू झाला. ज्या गडावर जायला खांदे किंवा गुडघे लागत, तिथे आता नव्वदीची आजी पाळण्यात बसून पोचते. पाळणा वर जिथे सोडतो तिथून गडात शिरायची वाट कुठल्या दाराने जाते माहितीये? मेणा दरवाजाने. ज्यांना वाहून आणायचं त्यांच्यासाठी बांधलेलं दार तीनशे वर्षांनी पुन्हा त्याच कामाला लागलं. तिथेही पायऱ्या आहेतच, व्हीलचेअर अडते. म्हणजे काम संपलेलं नाही.

आणि दुसरं म्हणजे राज्यातल्या एसटी स्थानकांवर आता तान्ह्या बाळाच्या आईला दूध पाजायला जी खोली असते तिचं नाव 'हिरकणी कक्ष'. एके काळी जिच्यासाठी दार उघडलं नाही, तिच्या नावाने आता एक दार उघडलं जातं. काही स्थानकांत त्याला कुलूप लावून किल्ली कोणाकडे तरी असते ही गोष्ट वेगळी. पण त्याबद्दल बोलायला चवदार तळ्याचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

या विकांताला एवढंच करा. घरातल्या बाथरुमाचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघा. मग ते आतून बंद करून, बाहेरून उघडता येतं का हे कोणाला तरी करून बघायला सांगा. घरात कोणी साठीच्या पुढचं असेल तर आजच.